ऐच्छिक रक्तदान

मोबदला वा दडपण यांशिवाय स्वेच्छेने रक्त देण्याची पद्धती. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केल्यावर रक्ताधान (रुग्णास रक्त भरणे) पुष्कळसे सुरक्षित झाले. १९२१ मध्ये लंडन येथे पर्सी लेन ऑलिव्हर यांनी बोलावणे येताच रुग्णालयात जाणाऱ्या विनामूल्य दात्यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला.

भारतात दीर्घकाळ रक्तपेढ्यांची भिस्त रुग्णाचे नातेवाईक आणि पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते यांवर होती. दारिद्र्यामुळे वारंवार रक्त विकणारा मनुष्य स्वतः पांडुरोगाने क्षीण होई व मिळकत बुडू नये म्हणून आजार लपवी. त्यामुळे रुग्णास काविळीसारख्या रोगांचा आणि पुढे एड्सचा धोका संभवे. १९७५ पासून १ ऑक्टोबर हा ऐच्छिक रक्तदान दिन म्हणून पाळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निर्णयान्वये व्यावसायिक रक्तदान दोन वर्षांत बंद करण्याचा आदेश झाला. ऐच्छिक दाते मिळविण्याचे कार्य राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदांकडे आले.

महाराष्ट्रात जयंती, पुण्यतिथी, गणेशोत्सव इ. निमित्तांनी भरणारी शिबिरे हा रक्तसंकलनाचा प्रमुख मार्ग आहे. तथापि पूर्ण रक्त प्रचलित परिरक्षकात सु. ३५ दिवस व बिंबाणू केवळ ५ दिवस टिकतात. त्यामुळे एकाच दिवशी झालेले विपुल संकलन, महाविद्यालये बंद असताना एप्रिल-मे महिन्यांत जाणवणारा तुटवडा भरून काढू शकत नाही. शस्त्रक्रिया, प्रसूती व अपघात यांना ऋतू नसतो. थॅलसीमियाच्या रुग्णास तर दर काही आठवड्यांनी रक्त लागते. म्हणून नव्या दात्याइतकेच महत्त्व पुन्हा येणाऱ्या दात्यास आहे.

वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये वर्णिलेला ‘मुंबई रक्तगट’ याचे ठळक उदाहरण होय. या विरळ गटाच्या व्यक्तींस ओ गटाचेही रक्त चालत नाही. त्याच गटाच्या दात्याची अद्ययावत नोंद हाच त्यांचा आधार असतो.

दाता १८ ते ६५ वर्षे वयाचा, किमान ४५ किग्रॅ. वजनाचा व निरोगी असावा लागतो. पुरुषांस ९० व स्त्रियांस १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. मुदत संपताच स्मरणपत्र, तपासणीच्या निष्कर्षांबाबत गुप्तता, अपात्र ठरलेल्यास कारण समजावून सांगणे व सौजन्याची वागणूक यांमुळे दाता टिकतो. महागड्या भेटवस्तूंच्या आमिषाने मात्र आजार लपविण्याची जुनीच प्रवृत्ती बळावू शकते.