जंजिऱ्याच्या बदल्यात सचिन

मुंबईहून सुरतेकडे जाताना सुरतेच्या अलीकडे सचिन हे लहानसे स्थानक लागते. आज तेथे कारखान्यांची वसाहत आहे आणि कामधंद्यासाठी आलेल्या खानदेशी माणसांची बोलीही कानी पडते. या गावाच्या नावाने चाललेल्या संस्थानाचा जन्म पुण्याच्या दरबारात झाला, याची जाणीव मात्र मराठी वाचकांस क्वचितच असते.

जंजिऱ्याचा सल मराठ्यांच्या मनात फार जुना. संभाजीराजांनी १६८२ मध्ये खाडी बुजवून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा उद्योग आरंभिला, पुढे बाजीरावाची १७३३ ची मोहीम झाली. किल्ला आला नाही. १७८४ मध्ये सिद्दी अब्दुल रहीम वारला, तेव्हा त्याचा पुत्र बाळूमियाँ यास डावलून सिद्दी जोहार याने सत्ता बळकावली. बाळूमियाँ पुण्याच्या आश्रयास आला. तोफांना जे साधले नाही ते लेखणीने साधण्याची ही संधी होय, असे दरबारास वाटले असल्यास नवल नाही. दि. ६ जून १७९१ रोजी तह झाला. बाळूमियाँने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस द्यावा आणि मोबदल्यात सुरतेजवळ सुमारे पाऊण लाखाच्या उत्पन्नाचा मुलूख घ्यावा, असे ठरले. गादीवर सवाई माधवराव होते, कारभार नाना फडणविसांच्या हाती होता आणि पुण्यातील इंग्रज वकील मॅलेट याचाही या व्यवहारात हात होता.

देणाऱ्याच्या ताब्यात किल्ला नव्हता, हे तहातील उघड वैगुण्य. जंजिरा पेशव्यांच्या हाती आला नाही. गावे मात्र गेली ती गेलीच. पुण्यात याचा जाब कोणी कोणास विचारावा? १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली.

अठराव्या शतकास आजच्या लोकशाहीचे माप लावणे अन्यायाचे होईल, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु माप बाहेरून आणण्याची गरजच नाही. त्याच राज्यात एखाद्या पाटिलकीचा किंवा शेताच्या बांधाचा तंटा गोतसभेपुढे उघडपणे चाले. वतनदार, बलुतेदार साक्षीस बसत आणि महजरावर नांगर, कट्यार अशा निशाण्या उमटवीत. बांधासाठी साऱ्या गावाची साक्ष लागे. अख्खी गावे एका हातातून दुसऱ्या हातात जाताना एकाही कुणब्याची निशाणी लागली नाही. पुढे नबाबाचे कर्ज अनावर झाले, तेव्हा ते फिटेपर्यंत संस्थानाचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला. म्हणजे राज्यकर्त्यास हिशेब द्यावा लागला, पण तो सावकारांना, रयतेला नव्हे.

असल्या निर्णयांची कागदपत्रे पाहणेही दीर्घकाळ दुर्घट होते. इंग्रज सरकारने पेशवे दफ्तर संशोधकांस मोकळे केले नाही. राजवाड्यांसारख्या व्यासंगी पुरुषास घरोघरची दप्तरे धुंडाळावी लागली. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कोठे ते कवाड थोडे किलकिले झाले.

१९४८ मध्ये सचिन आणि जंजिरा ही दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९६० मध्ये जंजिरा महाराष्ट्रात राहिला, सचिन गुजरातेत गेले. विलीनीकरणाच्या करारांवरही सह्या होत्या त्या संस्थानिकांच्याच.