सिलहटची बोली आणि आपली

राजारामपुरीतल्या आमच्या घरात 'मेरेकू नक्को', 'मैंच बोल्या' अशी दख्खनी चालते. गल्लीत कोल्हापुरी मराठी, वहीत प्रमाण मराठी. जनगणनेच्या कागदावर मात्र मातृभाषा उर्दू. तो 'नक्को' आणि तो 'च' मराठीचेच. तरीही अशुद्ध म्हणून लहानपणी या बोलीचे हसे झाले.

असाच पेच बंगालीच्या सिलेटी बोलीचा. बांगलादेशातील सिलहट आणि आसामचे बराक खोरे हा तिचा मुलूख. तिथल्या साध्या मुसलमानांनी सिलेटी नागरी ही कमी अक्षरांची, सोपी लिपी वापरली. एकोणिसाव्या शतकात मुन्शी सादिक अलींनी पैगंबरांचे चरित्र, 'हालतुन्नबी', याच लिपीत लिहिले. मौलवी अब्दुल करीम यांनी तिचे खिळे घडवून छापखाना काढला. दीन समजून घ्यायला परकी भाषा लागली नाही.

१९४८ साली जिनांनी ढाक्यात उर्दू हीच राज्यभाषा राहील, असे बजावले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी तरुणांनी बंगालीसाठी प्राण दिले. धर्म एक म्हणून भाषा एक होत नाही, हे त्यांनी जगाला दाखवले. पण जिंकलेल्या प्रमाण बंगालीपुढे सिलेटी गावंढळच राहिली. २००५ मध्ये तिची लिपी युनिकोडमध्ये आली, तेव्हा ती वाचणारे थोडेच उरले होते.

आपली दख्खनी तर एके काळी विजापूरच्या दरबारात मानाने नांदली. दादीच्या तोंडच्या म्हणी, गाणी देवनागरीत का होईना, आज उतरवून घेतली नाहीत, तर उद्या विचारायचे कुणाला?