गिटार इफेक्ट्सचे फर्मवेअर : अद्ययावत करण्यापूर्वी

वाद्यवृंदातील गिटारवादकाच्या पायाशी आज बहुधा एकच डिजिटल मल्टिइफेक्ट यंत्र असते. डिले, रिव्हर्ब, डिस्टॉर्शन हे परिणाम आणि नामवंत ॲम्प्लिफायरचे आवाज ते गणिताने निर्माण करते. वस्तुतः तो एक छोटा संगणकच होय. त्याला चालविणारी अंतर्गत आज्ञावली म्हणजे फर्मवेअर.

ॲम्प मॉडेलिंगचे तंत्र रोलँडच्या व्हीजी-८ (१९९५) आणि लाइन ६ च्या पॉड (१९९८) या यंत्रांनी रुजविले. पॉडची आज्ञावली बदलण्यासाठी यंत्र उघडून आतील चिप बदलावी लागे. आता आज्ञावली फ्लॅश मेमरीत असते आणि यूएसबी केबलद्वारे बदलता येते. त्याचा लाभही मोठा आहे. २०१५ साली आलेल्या हेलिक्स या यंत्राला २०२० मधील ३.० आवृत्तीने संपूर्ण कॉर्डची पट्टी बदलण्याची सोय विनामूल्य मिळवून दिली.

धोका आहे तो अद्ययावत करतानाच्या काही मिनिटांत. जुनी आज्ञावली पुसून तिच्या जागी नवी लिहिली जात असताना वीज गेल्यास यंत्र सुरूच न होण्याचा संभव असतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. अडॅप्टरवरील यंत्र मात्र तत्क्षणी बंद पडते. फैजपूर, सावदा, यावल परिसरातील वादकाने याचा विशेष विचार करावा. वीज केव्हा खंडित होईल याचा नेम नसतो, आणि दुरुस्तीसाठी मुंबई गाठायची तर भुसावळहून रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटर जावे लागते.

म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

१. स्वतः तयार केलेले सर्व आवाज (प्रीसेट) प्रथम संगणकावर साठवून ठेवावेत. काही यंत्रांत नव्या आवृत्तीनंतर ते पुसले जातात.

२. फाइल उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. मॉडेलचे पूर्ण नाव व सध्याची आवृत्ती जुळवून पाहावी. डाउनलोड आधी पूर्ण करावे.

३. यंत्र यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर जोडावे. इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असल्यास तोच निवडावा. सेलवर चालणाऱ्या यंत्रात नवे सेल घालावेत. अडॅप्टर यंत्रासोबतचाच असावा. व्होल्टेज वा ध्रुवता चुकल्यास यंत्र जळू शकते.

४. केबल संगणकाला थेट जोडावी, यूएसबी हब टाळावा. संगणकाची स्लीप व्यवस्था बंद ठेवावी.

५. पडद्यावर काम पूर्ण झाल्याची सूचना येईपर्यंत कशालाही हात लावू नये. काही यंत्रे पुन्हा सुरू झाल्यावर प्रीसेटची नव्याने मांडणी करतात. तेवढा वेळ यंत्र थांबल्यासारखे भासले तरी बंद करू नये.

६. नंतर प्रत्येक आवाज वाजवून पाहावा. मॉडेलमधील सुधारणेमुळे आवाजाची पातळी वा पोत बदललेला असू शकतो.

अर्ध्यावर अडथळा आला तरी धीर सोडू नये. बहुतेक यंत्रांत प्रारंभीची लहान आज्ञावली स्वतंत्र जपलेली असते. ठरावीक बटणे दाबून यंत्र सुरू केल्यास ते पुन्हा फाइल स्वीकारते. ती बटणे कोणती, हे माहितीपुस्तिकेतून आधीच टिपून ठेवावे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मात्र हे काम मुळीच हाती घेऊ नये. यंत्र निर्दोष चालत असेल आणि नव्या आवृत्तीत आपल्या उपयोगाचे काही नसेल, तर जुनी आवृत्ती ठेवण्यात कोणताही कमीपणा नाही.