ढगांची खतावणी

शिरूर-दौंडच्या माणसाचा ढगांवर विश्वास नाही. सह्याद्रीशी सगळा व्यवहार उरकून ते आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या खात्यात शिल्लक नसते. त्यामुळे आमची पोरं पुण्याला जाऊन ‘क्लाउड सांभाळतो’ असं सांगू लागली, तेव्हा पारावरची मंडळी ‘मग एखादा इकडं धाडा की!’ म्हणाली, यात नवल नाही.

हा ढग म्हणजे दुसऱ्याच्या गोदामातले भाड्याचे संगणक. अमेझॉनने २००६ साली ते तासाच्या भाड्याने द्यायला घेतले. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली असे गोदाम पुण्यातच उघडले. पण खरा इतिहास गोदामाचा नाही, मांडणीचा आहे.

पूर्वी सर्व्हर हाताने मांडत. कुठे काय ठेवले ते एकाच गृहस्थाला ठाऊक. शाखेशाखेत स्वतंत्र सर्व्हर होते, त्या काळी असा एक गृहस्थ मी पाहिला आहे. तो लग्नाला दौंडला गेला की शिरूरची पासबुके थांबत आणि त्याला पंगतीतून फोनवर उठवत. मॅनेजरपेक्षा नमस्कार त्यालाच जास्त!

यावर १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने ‘सीएफइंजिन’ काढले. पुढे २००५ साली ‘पपेट’ आले, २०१४ साली ‘टेराफॉर्म’. युक्ती साधी. ‘दोन किलो साखर आणा’ ही आमच्या घरची चिठ्ठी माझ्या आणि चिरंजीवांच्या हाती वेगवेगळी पडली, की घरात चार किलो येते. बर्जेसची चिठ्ठी म्हणते, ‘घरात दोन किलो साखर असावी.’ ती दहादा वाचा. डबा भरलेला असेल तर कोणी जागचे हलायचे नाही.

टेराफॉर्म तर अस्सल बँकवाला. काय असावे ते एका फायलीत, काय आहे त्याची खतावणी दुसरीत. दोन्ही ताडून आधी सांगणार, ‘इतके नवे, इतके बदल, इतके रद्द.’ मंजुरी मिळाली की मगच काम. मधेच कोणी हाताने काही फिरवले, तर पुढच्या मेळात फरक सापडतो. खतावणीच हरवली, तर मात्र यंत्रे चालू, भाडे चालू, आणि नोंद कुठेच नाही!

शिवाय एक ओळ चुकली, तर ढगच्या ढग एका दमात रद्द. हाताने मोडायला निदान वेळ तरी लागे. म्हणून इथेही एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे.

आमचा गृहस्थ काही लिहून ठेवत नसे. ‘मग मला कोण विचारील?’ म्हणे. लिहिले असते तर निदान दौंडच्या पंगतीत जिलबी येईपर्यंत तरी बसला असता.