‘घेऊ काय?’ आणि ‘सोडू काय?’ : पाटणच्या पित्ताचा थोडका इतिहास

माझ्या प्रबंधाचा विषय पश्चिम महाराष्ट्रातल्या पथ्याचा इतिहास. हे सांगितलं की समोरचा माणूस दोन मिनिटं मान डोलावतो आणि मग हळूच मूळ मुद्द्यावर येतो : “मग पित्तावर काय घ्यायचं? गोळी चांगली की घरगुती?” लग्नात, एसटीत, ग्रंथालयाच्या चहाच्या सुट्टीत, सगळीकडे हाच प्रश्न. मी डॉक्टर नाही, त्यामुळे नुसखा देत नाही. पण इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या प्रश्नातल्या एका शब्दाचं फार कुतूहल आहे. तो शब्द म्हणजे ‘ऐवजी’. गोळीऐवजी घरगुती उपाय. ही जोडी आपल्याला आजीच्या काळापासूनची वाटते. प्रत्यक्षात ती जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षांची आहे.

आधी रोगाचं नाव बघू. डॉक्टर ज्याला ॲसिड रिफ्लक्स म्हणतात, म्हणजे जठरातलं आम्ल उलट अन्ननलिकेत चढणं, त्याला मराठीत स्वतंत्र शब्द नाही. आपल्याकडे सगळं ‘पित्त’. छातीत जळजळलं तरी पित्त, आंबट ढेकर आली तरी पित्त, डोकं ठणकून उलटी झाली तर ‘पित्त पडलं’, आणि अंगावर गांधी उठल्या तरी ‘पित्त उठलं’. आधुनिक वैद्यकात हे तीन-चार वेगळे आजार. त्यामुळे ‘आमच्याकडे पित्तावर आमसूल लावतात’ असं कोणी म्हणालं तर आधी विचारावं लागतं, कुठल्या पित्तावर? गांधींवर आमसुलाचं पाणी चोळतात ती गोष्ट वेगळी, आणि जळजळीवर आमसुलाचं सार पितात ती वेगळी.

संस्कृत ग्रंथांत या तक्रारीच्या सगळ्यात जवळचा शब्द ‘अम्लपित्त’. गंमत अशी की चरक आणि सुश्रुत या दोघांनीही त्याला वेगळा रोग म्हणून स्वतंत्र अध्याय दिलेला नाही. तो मिळतो माधवनिदानात, आणि त्याहून सविस्तर काश्यपसंहितेत. काश्यपसंहिता छापील रूपात वैद्यांच्या हाती आली तीच मुळी १९३८ मध्ये, नेपाळातल्या हस्तलिखितावरून, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात. तिच्यातली कारणांची यादी वाचताना मला तर कराड-पाटणच्या कुठल्यातरी घराची झडती घेतल्यासारखं वाटलं. आधीचं पचायच्या आत पुन्हा जेवणं, शिळं अन्न, काकवी आणि उसाचे पदार्थ, पोहे, भाजलेलं धान्य, कुळीथ, नैसर्गिक वेग दाबून धरणं, जेवून जेवून दिवसा झोपणं. आणि मग एक विधान येतं, ज्याच्यासाठी मी हा अख्खा लेख पाटणला नेते आहे : हा रोग बहुधा ‘आनूप’ देशात होतो, म्हणजे पाणथळ, ओल्या मुलखात. औषध कोरड्या, जांगल देशातलं वापरावं, आणि तरीही हटला नाही तर माणसाने देशच बदलावा.

पाटण तालुका या कल्पनेचा नकाशाच आहे. पश्चिमेला कोयनानगरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून खोऱ्याने खाली, कोयना-केरा संगमावरच्या पाटण गावावरून मल्हारपेठकडे येईपर्यंत पाऊस झपाट्याने कमी होतो. अजून पूर्वेला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माण-खटाव, तिथे तर दुष्काळच ओळखीचा. वर डोंगरउतारावर नाचणी-वरी, खोऱ्यात भात, खाली ज्वारी. एका जिल्ह्यात आनूप आणि जांगल दोन्ही. हवा, पाणी, धान्य बदललं की पोट बदलतं हे इथल्या माणसाला सांगायला संहिता लागत नाही.

हवापाण्याचा आणि धान्याचा हा विचार नुसता जुनाट समजू नका. फ्रँक टोव्ही नावाचे इंग्रज सर्जन म्हैसूरच्या मिशन रुग्णालयात बरीच वर्षं होते. १९७९ मध्ये त्यांनी भारत आणि बांगलादेशातल्या अल्सरचा नकाशा मांडला. भातखाऊ भागात लहान आतड्याच्या तोंडाशी होणारा अल्सर जास्त, आणि न सडलेला गहू, भरडधान्य, कडधान्य खाणाऱ्या भागात कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यांच्या गटाने प्राण्यांवर प्रयोग केले तेव्हा संरक्षण देणाऱ्या पदार्थांत चक्क कुळीथ निघाला. काश्यपाच्या यादीत गुन्हेगार, टोव्हींच्या यादीत राखणदार! अर्थात अल्सर आणि रिफ्लक्स हे एक नव्हेत, आणि अल्सरच्या बाबतीत तर मार्शल आणि वॉरन यांनी १९८२ मध्ये पर्थला शोधलेल्या जिवाणूने सगळं चित्रच बदललं (२००५ चं नोबेल त्याचंच). त्यामुळे कुळथाचं पिठलं खाऊन अल्सर बरा करायला निघू नका.

आता घरात येऊ. ढेबेवाडी खोऱ्यात एका आजींना मी प्रश्नावलीतला ठरलेला प्रश्न विचारला, “आजी, तुमच्या लहानपणी पित्त झालं की काय घ्यायचे?” त्या म्हणाल्या, “घ्याचं काय त्यात पोरी? सोडायचं असतंय.” रात्रीचं जेवण सोडायचं. तिखट सोडायचं. शेंगदाण्याचा कूट दोन दिवस बंद. दिवेलागणीला भाकरी खाऊन मोकळं व्हायचं. माझ्या टिपणवहीत ‘उपाय’ नावाचा रकाना होता आणि त्यात लिहायला पदार्थच नव्हता.

हीच खरी अडचण आहे. आपण घरगुती उपाय म्हणजे वस्तू समजतो : जिरं, ओवा, आलं, मोरावळा, थंड दूध. पण जुन्या पथ्यात वस्तू कमी आणि वेळ, प्रमाण, शरीराची ठेवण जास्त. मराठीतले दोनच शब्द घ्या, शतपावली आणि वामकुक्षी. जेवणानंतर शंभर पावलं चालायचं आणि मग थोडा वेळ डाव्या कुशीवर पडायचं. आजचे पोटाचे डॉक्टरही रिफ्लक्सच्या रुग्णाला डाव्या कुशीवर झोपायला सांगतात, आणि कारण साधं आहे : त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीला राहतं, आम्ल वर चढायला अवघड जातं. उजव्या कुशीवर उलटं होतं. (वामकुक्षी म्हणजे दोन तास घोरणं नव्हे. जेवून दिवसा झोपणं काश्यपाने कारणांतच घातलंय.) झोपण्याआधी दोन-तीन तास पोट रिकामं ठेवणं, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करणं, वजन कमी करणं, हेही असेच, कुठल्याच बाटलीत न मावणारे उपाय.

उलट ज्या वस्तूंना आपण खास घरगुती म्हणतो त्यातल्या कितीतरी बाहेरून आलेल्या. आमसूल घाटावरचं नाहीच, ते कोकणातून कुंभार्ली घाट चढून आलेलं. खायचा सोडा हा तर सरळसरळ कारखान्यात तयार होणारा क्षार. आणि थंड दूध? १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी यांनी अल्सरसाठी दर तासाला दूध-साय आणि मधूनमधून क्षारांची पूड असा आहार मांडला, आणि पुढची कित्येक दशकं तो जगभरच्या रुग्णालयांत चालला. म्हणजे थंड दूध हे आजीच्या बटव्यात जेवढं होतं तेवढंच सुटाबुटातल्या डॉक्टरच्या कागदावरही होतं. १९७६ मध्ये मोजून पाहिलं तेव्हा दुधाने आम्ल उलट वाढतं असं दिसलं : आधी गार वाटतं, मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. डॉक्टरांनी दूध सोडलं, घरांनी धरून ठेवलं, आणि ते ‘पारंपरिक’ झालं.

दुसऱ्या टोकाला सूतशेखर. योगरत्नाकरात अम्लपित्तावर सांगितलेला, महाराष्ट्रात अजूनही सर्रास घेतला जाणारा रस. लोक तो ‘घरचंच आहे, आयुर्वेदिक आहे’ म्हणून घेतात. त्यात शुद्ध केलेला पारा, गंधक, ताम्रभस्म, वत्सनाभ आहे. हे वैद्याने तोलून द्यायचं औषध आहे, स्वयंपाकघरातलं नाही.

मग पथ्य मोडलं कुठे? माझं उत्तर : मुंबईत. पाटण तालुक्यातून गिरण्यांत, गोदीत, बाजारांत गेलेल्या माणसांची संख्या प्रचंड. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. १९६९ चा माथाडी कायदा होईपर्यंत या कामाला ना वेळ ना हमी. पाळी संपेल तेव्हा खाणावळीत जेवायचं, दाटीवाटीच्या खोलीत मिळेल त्या कुशीवर पडायचं, आणि पहाटे रिकाम्या पोटी चहा. चहा हाही नवाच. १९३० च्या दशकात चहा उद्योगाने गल्लोगल्ली प्रचार करून तो लोकांच्या अंगवळणी पाडला. दिवेलागणीला जेवणं, शतपावली, डावी कूस, यांतलं काहीच दहा बाय बाराच्या खोलीत शक्य नव्हतं. खिशात मावत होती ती फक्त वस्तू. सोड्याची पुडी, आल्याचा तुकडा, मोरावळ्याची बरणी. काश्यपाने देश बदलायला सांगितला होता. आमची माणसं बदलून गेली तीही दुसऱ्या दमट मुलखात.

गोळी आली ती या मोडलेल्या पथ्याच्या जागी. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन, १९८१ मध्ये रॅनिटिडीन, १९८८ मध्ये युरोपात ओमेप्राझोल. भारतात १९७० चा पेटंट कायदा औषधाच्या रेणूला नव्हे, बनवण्याच्या पद्धतीलाच संरक्षण देत होता, त्यामुळे इथल्या कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीने हीच औषधं स्वस्तात काढली. अन्ननलिकेला सूज, जखम असेल तर या गोळ्यांसारखं दुसरं काही नाही, हे मी अगदी स्पष्ट म्हणेन. त्याआधी माणसं पोट फाडून घेत होती. पण गोळी स्वस्त आणि चिठ्ठीशिवाय मिळू लागली तेव्हा ती पथ्याची जागाच घेऊन बसली. तिखट मिसळ खायची आहे, आधी गोळी. आणि मग तिला कंटाळलेल्या लोकांनी ‘ऐवजी’ हा शब्द शोधला. गोळीऐवजी जिरं. एका वस्तूऐवजी दुसरी वस्तू.

या अदलाबदलीत एक सापळा आहे. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर प्रयोग झाला. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल, मग चार आठवडे खोटी गोळी. बाकीच्यांना सगळा काळ खोटीच. औषध थांबल्यावर पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना आम्लाच्या तक्रारी झाल्या, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. ही माणसं आधी आजारी नव्हती! म्हणजे दोन-चार वर्षं रोज गोळी घेणारा माणूस एक दिवस ती फेकून जिऱ्याचं पाणी सुरू करतो, आठवड्यात छाती पेटते, आणि तो म्हणतो घरगुतीत काही राम नाही. बिचाऱ्या जिऱ्याचा त्यात काय दोष. गोळी डॉक्टरला विचारून हळूहळू उतरवायची असते. रोजच्या सोड्याचंही तसंच. त्यात सोडियम भरपूर, रक्तदाबवाल्यांनी तर लांबच राहावं. आणि घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, चालताना छातीत दाटणं, यातलं काही असेल तर ते ‘पित्त’ म्हणून घरात ठेवायचं नाही.

सध्या मी दवाखान्यांच्या चिठ्ठ्या जमवते आहे, लोकांनी पिशवीत जपून ठेवलेल्या. वरच्या बाजूला तीन-चार औषधं, सकाळ-संध्याकाळच्या खुणांसकट. तळाला शिक्का मारलेली एक ओळ, बहुतेक चिठ्ठ्यांवर जवळपास सारखीच : तेलकट, तिखट, आंबट टाळा. कधी जेवायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं, ते त्या ओळीत नाही.