ठोकळा खात्याचा, राउटर कुणाचा?

टेलिफोनचा काळा ठोकळा ज्यांनी वापरला आहे त्यांना एक गोष्ट आठवत असेल. तो घरात असायचा, पण घराचा नसायचा. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आपण घालायचो, डायलला छोटंसं कुलूप आपण लावायचो, भाडंही आपणच भरायचो. यंत्र मात्र पोस्ट आणि तार खात्याचं. बिघडलं की लाइनमनची वाट पाहायची. तो दोन दिवसांनी येवो की दोन महिन्यांनी, पण दुरुस्त होत नसेल तर दुसरा ठोकळा बसवून जायचा. त्याचे वेगळे पैसे मागायची रीत नव्हती. दिवाळीची बक्षिसी किंवा ईदी हा भाग निराळा!

मित्रहो, आज हे आठवायचं कारण भिंतीवर लुकलुकणारा राउटर. रिसोड तालुक्यातल्या आमच्या रिठदसारख्या गावांतही तो आता नवलाचा राहिलेला नाही. तो जुना झाला तर बदलून कुणी द्यायचा, कंपनीनं की ग्राहकानं? प्रश्न आजचा वाटतो. त्याची मुळं मात्र बरीच जुनी आहेत.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ साली, तेही खासगी कंपनीकडून. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या टेलिफोन कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या १९४३ मध्ये. १९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि यंत्रंही तिथंच बनू लागली. म्हणजे तार सरकारची, एक्स्चेंज सरकारचं, घरातलं यंत्रही सरकारचं. स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या काळात ‘ओन युवर टेलिफोन’ नावाची योजना आली. नाव मोठं गोड! एकरकमी पैसे भरणाऱ्याला रांगेत पुढचा नंबर मिळे. बाकीचे वर्षानुवर्षं वाट पाहत. या व्यवस्थेला आपण पुष्कळ नावं ठेवली आणि ती ठेवण्यासारखीच होती. पण जबाबदारी कुणाची, हा वाद तिच्यात नव्हता.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या तरुण इंजिनिअरांनी खेड्यासाठी छोटं एक्स्चेंज बनवलं. वातानुकूलित खोलीशिवाय, आपल्या उन्हाळ्यात चालणारं. नंतर एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक आले. पुढं बाजारातला आपल्या पसंतीचा फोन घरी लावता येऊ लागला आणि ठोकळा गेला. १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएलनं कारभार हाती घेतला आणि जानेवारी २००५ मध्ये तिनं ब्रॉडबँड आणलं. इथं गोष्टीला वळण लागलं. मोडेम भाड्यानं घ्या किंवा विकत घ्या, असं ग्राहकाला सांगण्यात आलं. ज्यानं विकत घेतला त्याला वाटलं, भाडं वाचलं. त्या मोडेमचं म्हातारपण आपल्या पदरात पडलं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं असेल?

कारण ठोकळा म्हातारा होत नसे. वीस वर्षांनीही त्यातून तेवढंच ऐकू येई. राउटरचं तसं नाही. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतं. प्रत्यक्षात प्लॅन शंभराचे विकले जातात. तांब्याच्या तारेचा मोडेम फायबरला चालत नाही. आणि फायबर आलं तरी जुन्या राउटरचं वायफाय शंभरातलं थोडंसंच मोबाइलपर्यंत पोहोचवतं. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवायची आणि वावरात पाइप अर्ध्या इंचाचा न्यायचा, तशातली गत. पैसे मोटरचे द्यायचे, ओलित मात्र पाइपाएवढंच.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांकडचे कितीतरी मोडेम एका व्हायरसनं बंद पाडले. पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन’. मोडेम लावला त्या दिवसापासून तो कुणी बदललाच नव्हता. कंपनीनं ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. सल्ला बरोबर होता, पण तो बदलतात कुठं हे किती घरांना ठाऊक होतं? पुढच्याच वर्षी जगभरातले पाच लाखांहून अधिक राउटर अशाच एका व्हायरसच्या ताब्यात गेले.

मी स्वतः एका कंपनीला फोन केला होता. नाव घेत नाही. राउटर जुना झाला आहे म्हटल्यावर उत्तर मिळालं, ‘सर, तुमचा चालू आहे ना? नवीन कनेक्शनवर फ्री मिळतो.’ हे ऐकून शेजारचे भाऊ म्हणाले, ‘म्हंजे नव्या सुनेले शालू, अन् जुनीले फाटकं लुगडं!’

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. सगळे राउटर सरसकट बदलले तर ई-कचऱ्याचे ढीग लागतील आणि खर्च शेवटी आपल्याच बिलात येईल. पुष्कळदा नुसतं सॉफ्टवेअर नवं केलं तरी भागतं. हे मला मान्य आहे. पण फायबरसोबत येणाऱ्या कितीतरी राउटरांच्या सेटिंग्जची किल्ली कंपनीच्याच हातात असते, ग्राहकाला ती मिळत नाही. किल्ली तुमची आणि दुरुस्ती आमची, हा कुठला न्याय? जर्मनीनं १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा राउटर लावायचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच सोपा पासवर्ड घालून अशी यंत्रं विकता येत नाहीत आणि सुरक्षेची दुरुस्ती कधीपर्यंत मिळेल, तेही सांगावं लागतं. माझ्या मते हे दुसरं अधिक मोलाचं. ती मुदत संपली आणि किल्ली कंपनीकडेच असेल, तर राउटर कंपनीनं फुकट बदलून द्यावा. ग्राहकानं आपल्या पसंतीनं बाजारातून आणला असेल, तर खर्च त्याचा.

तोवर एवढं करता येईल. राउटरच्या पाठीवरचं मॉडेल लिहून घ्या आणि त्याला सॉफ्टवेअरचं अपडेट अजून येतं का, हे कंपनीला विचारा. तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर मागून घ्या. समाधान झालं नाही तर २०१२ च्या ट्रायच्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथं तो नंबर लागतो.