अर्धांगवायू, धड आणि चाल : एका उपेक्षेचा इतिहास

अर्धांगवायू ह्या शब्दातच देहाची उभी विभागणी गृहीत धरलेली आहे. चरकाचा ‘पक्षवध’ आणि सुश्रुताचा ‘पक्षाघात’ ह्या संज्ञांचा आशयही तोच : एक बाजू निरोगी, दुसरी हतबल. परंतु दोन्ही अर्धांगांना समाईक असलेले जे धड, त्याचे ह्या विभागणीत स्थान कोणते? हातापायांची दुर्बलता डोळ्यांना तत्काळ दिसते. धडाची तशी दिसत नाही. ह्या न दिसण्यातूनच वैद्यकाच्या इतिहासात एक दीर्घ उपेक्षा जन्मास आली. तिचे परिणाम रुग्णाच्या चालीपर्यंत पोहोचतात, म्हणून तिचा मागोवा घेणे अगत्याचे ठरते.

ह्या प्रश्नाला पहिले शास्त्रीय उत्तर दिले ते लंडनचे वैद्य विल्यम ब्रॉडबेंट ह्यांनी, १८६६ साली. अर्धांगवायूत हात पूर्णपणे लुळा पडतो. मग छातीचे व पाठीचे स्नायू कसे बचावतात, अशी शंका त्यांनी उपस्थित केली. त्यांची उपपत्ती अशी : जे स्नायू नेहमी जोडीने काम करतात, त्यांची मज्जारज्जूतील केंद्रे परस्परांशी जोडलेली असतात, त्यामुळे मेंदूचा एक गोलार्ध निकामी झाला तरी दुसऱ्याची आज्ञा दोन्हींकडे पोहोचते. ही उपपत्ती तत्त्वतः टिकून राहिली आहे. मात्र तिच्यातून एक अनुमान सहज निघू शकत होते, आणि ते सदोष होते. धड लुळे पडत नाही ह्याचा अर्थ ते शाबूत राहते असा नव्हे. शक्ती उरणे ही एक गोष्ट, आणि योग्य क्षणी योग्य प्रमाणात तिचा विनियोग होणे ही दुसरी.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा भेद पुरेसा स्पष्ट झाला नव्हता. थॉमस ट्विचेल ह्यांनी १९५१ साली अर्धांगवायूनंतरच्या सुधारणेचा क्रम बारकाईने वर्णिला, तो मुख्यत्वे अवयवांच्या हालचालींचा होता. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम ह्यांच्या १९७० सालच्या ग्रंथातील सुप्रसिद्ध अवस्थाही हात, पंजा आणि पाय ह्यांना अनुलक्षून आहेत. दरम्यान १९६८ साली लॉरेन्स व कायपर्स ह्यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखविले, की मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या मार्गांत श्रमविभाग आहे : बोटांच्या सुट्या हालचाली एका मार्गसमूहावर, तर धड सावरणे, उठून बसणे आणि चालणे ही कार्ये प्रामुख्याने दुसऱ्यावर अवलंबून असतात. धडाचे नियंत्रण ही स्वतंत्र अभ्यासाची वस्तू आहे, ह्याला आता शरीरशास्त्राचा आधार मिळाला.

तथापि जे मोजले जात नाही, ते शास्त्रात फार काळ टिकत नाही. ह्या दृष्टीने १९९० हे वर्ष महत्त्वाचे होय. त्या वर्षी पॅट डेव्हिस ह्यांनी अर्धांगवायूच्या उपचारातील धडाच्या हालचालींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी कॉलिन व वेड ह्यांच्या शोधनिबंधात धडनियंत्रणाची एक साधी चाचणी मांडली गेली. दुबळ्या बाजूस कुशीवर वळणे, सबळ बाजूस वळणे, निजलेल्या स्थितीतून उठून बसणे, आणि पाय जमिनीला न टेकता खाटेच्या कडेवर ३० सेकंद बसणे, ह्या चार कृतींना प्रत्येकी ०, १२ किंवा २५ गुण, एकूण १००. पुढे २००४ साली बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे फेरहेडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ गुणांची अधिक सूक्ष्म मोजपट्टी सिद्ध केली, आणि २००६ साली तिचे गुण व रुग्णाचा तोल आणि चाल ह्यांचा निकट संबंध दाखवून दिला.

हा संबंध आकस्मिक नाही. पाऊल उचलण्यापूर्वी देहाचा भार दुसऱ्या पायावर न्यावा लागतो. त्या वेळी धडाने उभे राहिले पाहिजे आणि कटिप्रदेश स्थिर राहिला पाहिजे. निरोगी मनुष्यात हात किंवा पाय हलण्यापूर्वीच धडाचे स्नायू सज्ज होतात. अर्धांगवायूच्या रुग्णांत दुबळ्या बाजूची ही पूर्वतयारी उशिरा होते, असे आढळले आहे. पाया डळमळीत असेल तर पायात आलेली शक्तीही चालीच्या उपयोगी पडत नाही.

ह्यातून भाकिताचे साधन हाती आले. नेदरलँड्समधील २०११ सालच्या अभ्यासात, आघातानंतर ७२ तासांच्या आत जे रुग्ण ३० सेकंद आधाराविना बसू शकले आणि ज्यांच्या दुबळ्या पायात थोडी तरी शक्ती होती, त्यांची सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता ९८ टक्के आढळली. ज्यांना ह्यांपैकी काहीच साधले नाही, त्यांची सुमारे २७ टक्के. न्यूझीलंडमधील २०१७ सालच्या ४१ रुग्णांच्या अभ्यासात, आठवडाभराने धडनियंत्रण चाचणीत ४० हून अधिक गुण मिळविणारे रुग्ण सहा आठवड्यांच्या आत स्वतंत्रपणे चालू लागले.

येथे एक विवेक आवश्यक आहे. भाकीत म्हणजे कारण नव्हे. ज्याच्या मेंदूला इजा कमी, त्याचे धडही सावरते आणि चालही सुधारते, असा साधा अर्थ लावणे शक्य आहे. धडाला व्यायाम दिल्याने चाल सुधारते काय, हे प्रयोगानेच ठरावयाचे. असे प्रयोग अनेक ठिकाणी झाले. भारतातील २०११ सालचा प्रयोग त्यांपैकी एक. कॉक्रेन संस्थेच्या २०२३ सालच्या समीक्षेत ६८ चाचण्या आणि २,५८५ रुग्ण ह्यांचा परामर्श घेण्यात आला. धडाच्या व्यायामाने धडाचे कार्य, उभे राहण्याचा तोल आणि चालण्याची क्षमता सुधारते, असा तिचा एकंदर कौल आहे. परंतु पुराव्याची विश्वसनीयता बहुतांशी अल्प आहे, हेही तीत नमूद आहे.

ब्रॉडबेंट ह्यांचे निरीक्षण सूक्ष्म होते. त्यांनी विचारलेला प्रश्न धड का बचावते हा होता. ते किती बचावते, हा प्रश्न रीतसर विचारण्यास आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला. आज खाटेच्या कडेवर अर्धा मिनिट बसू शकणारा रुग्ण आपल्या भावी चालीविषयी बरेच काही सांगून जातो. ते ऐकण्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. धडाकडेही पाहिले पाहिजे, एवढी जाणीव पुरे; आणि तीच प्राप्त होण्यास सर्वांत अधिक वेळ लागला.